तीन घड्याळं आणि बडे सरांचा टाइम

मागच्या वर्षी टीव्हीवर पोरींची शंभर मीटरची फायनल चालू होती. सगळं घर श्वास रोखून बसलं होतं, आणि पहिल्या पोरीची छाती रेषेवर आली त्याच क्षणी मी चॅनल बदलून टाकलं. समोर एक बाई कारल्याची भाजी करून राहिली होती.

"आजी, ये क्या किया आपने!" नात ओरडली. तिले मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येते.

मी काय करू? रिमोट हातात होता आणि बोट बटनावर. छाती रेषेवर आली की दाबायचं, ही या बोटाची तीस वर्षांची सवय. त्याले काय माहीत की हे घड्याळ नाही.

या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलता तसंच लिहा." तर मी तसंच लिहून राहिली आहे. वाचता वाचता दमलात तर त्यांच्याकडे जा.

मी सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती. मैदानाशी माझा संबंध एवढाच, की घरून ऑफिसले जाताना ते मधात पडायचं. एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत टाइम घेणारा एक माणूस आलाच नाही. आमचे साहेब मैदानाच्या फाटकात उभे होते, त्यांनी मले सायकलवरून उतरवलं. "आप टाइपिस्ट हैं ना? उंगली तेज होगी." झाली परीक्षा, झाली नेमणूक. तेव्हापासून मी रायपुरात घडीवाली दीदी.

शिकवायले कोणी नव्हतं. नियमांचं एक जुनं पुस्तक होतं, इंग्रजीत, मधली पानं उडालेली. ते डिक्शनरी घेऊन वाचलं. उडालेल्या पानांवर जे होतं ते चुका करून शिकली.

बाहेरच्या माणसाले वाटते, यात काय आहे? बंदूक वाजली की दाबा, पोरगं पोहोचलं की दाबा. तर ऐका. आवाज ऐकून दाबलं तर तुम्ही गेलेच. टाइम घेणारा बसतो शेवटच्या रेषेपाशी आणि बंदूक वाजते शंभर मीटर दूर. आवाज रमतगमत येतो, येता येता सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाऊन येतो. म्हणून कानाकडे लक्ष द्यायचं नाही, डोळ्यानं धूर पाहायचा. धूर दिसला की दाबायचं, आणि तेही अंगठ्यानं नाही, पहिल्या बोटानं. अंगठा मेला आळशी असतो. शेवटी डोकं पाहायचं नाही, हात पाहायचे नाहीत, छाती पाहायची. छाती रेषेवर आली की शर्यत संपली. "पोट्ट्यांच्या छात्या पाहायले सरकारनं नेमली," असं आमच्या आतेसासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या. आणि हे म्हणायचे, "जगाचे सेकंद मोजते, घरी कुकरच्या शिट्ट्या मीच मोजतो." मोजायचे खरे, पण चुकीच्या. आमच्याकडे तीस वर्षं भात गिच्च झाला.

आम्हाला बसायले एक लोखंडी शिडी होती, रेषेच्या अगदी सरळ रेघेत. पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याले दिसावं म्हणून एकावर एक पायऱ्या. वर्षाचे बाकीचे दिवस माळीबाई त्या पायऱ्यांवर मिरच्या वाळवायची. त्यामुळे स्पर्धेच्या पहिल्या दिवशी आम्ही सगळे डोळे पुसत बसायचो आणि पाहुण्यांना वाटायचं, किती हळवे लोक आहेत हे.

पाहुण्यांचंही सांगते. रेषेवर तेव्हा लोकरीचा धागा धरायचे. जो पहिला येईल त्याच्या छातीनं तो तुटायचा. एका वर्षी प्रमुख पाहुणे आले, त्यांनी ताणलेला धागा पाहिला, मागे उभ्या माणसाच्या ताटातून कातर उचलली आणि कापला. टाळ्या वाजल्या. तिकडून पोट्टे जीव तोडून धावून राहिले होते. पहिला पोट्टा रेषेवर आला, धागा दिसला नाही, तर थांबलाच नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत धागा शोधत गेला. पाहुण्यांनी भाषणात त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं.

आता जे सांगणार आहे ते त्या पुस्तकात नव्हतं, उडालेल्या पानांवरही नसेल.

पहिल्या नंबराले तीन घड्याळं लावायची असतात. तिघांनी एकमेकांचं न पाहता आपापला टाइम लिहायचा. दोन सारखे आले तर तो खरा. तिन्ही वेगळे आले तर मधला खरा. किती शहाणा नियम! ज्यानं केला त्याले माणसं चांगली माहीत होती, फक्त आमच्याकडची माहीत नव्हती. आमच्या मैदानावर या नियमावर एक उतारा होता, त्याचं नाव मिलान, म्हणजे जुळवणी. शर्यत संपली की सगळ्यात वरच्या पायरीवरून आमचे मुख्य टाइमकीपर बडे सर म्हणायचे, "मेरा तेरह." मधल्या पायरीवरून ठोंबरे सर म्हणायचे, "हव सर, तेरह." ठोंबरे सर शाळेत चित्रकला शिकवायचे, माणूस लोण्याचा. मग खालच्या पायरीवरून मी, "तेरह." तीन घड्याळं आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचाही फरक नाही. बाहेरून आलेल्या एका निरीक्षकांनी शेरा लिहिला होता, की इतके अचूक टाइमकीपर त्यांनी कुठे पाहिले नाहीत. तो शेरा फ्रेम करून कार्यालयात लावला होता.

बडे सर वाईट नव्हते हो. ते मैदान त्यांनीच उभं केलं. पहाटे येऊन स्वतःच्या हातानं चुन्याच्या रेघा मारायचे. पण नजर अधू झाली होती, आणि चष्मा लावला की म्हातारे दिसतो म्हणून लावायचे नाहीत. त्यांना छाती दिसायची नाही, आरडाओरडा झाला की अंदाजानं दाबायचे. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग बोललो काहून नाही? मोठ्या माणसाले 'तुमचं चुकलं' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ती पद्धत घड्याळाले लावायची नसते, एवढं आमच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगू? आलं होतं.

फुलेश्वरी रायपुरातल्याच भनपुरीची. बाप ट्रकांवर हमाली करायचा. पोरगी सतरा वर्षांची, काटकुळी, अनवाणी धावायची आणि धावताना दात दिसायचे, जसं काही हसून राहिली आहे. राष्ट्रीय स्पर्धेले जायचं तर तेव्हा बारा पॉइंट आठ सेकंदांच्या आत यायले लागायचं. तिकडे चमकली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. त्यासाठी बापानं तिले एक वर्ष दिलं होतं. त्यानंतर लग्न.

निवडीची शर्यत लागली. धूर निघाला, बोट पडलं. छाती आली, बोट पडलं. पाहते तर बारा पॉइंट सात! मधल्या पायरीवर नजर गेली, ठोंबरे सरांच्या घड्याळातही सात.

वरून आवाज आला, "मेरा तेरह."

त्या दिवशी ठोंबरे सर "हव सर" म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच. ते माझ्याकडे पाहत होते. मी बारा-सात म्हटलं असतं तर त्यांनीही म्हटलं असतं. दोन घड्याळं सारखी, म्हणजे नियमानं तोच टाइम. एवढं सगळं त्यांच्या डोळ्यात मले स्पष्ट दिसलं.

मी म्हटलं, "तेरह."

"हव सर, तेरह," ठोंबरे सर म्हणाले, आणि मी बटन दाबून काटे शून्यावर आणले. फुलेश्वरी शिडीच्या खाली गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभी होती, वर पाहत.

ती राष्ट्रीय स्पर्धेले गेली नाही. लग्न झालं. पुष्कळ वर्षांनी भनपुरीच्याच एका शाळेत ती पीटी शिकवायले लागली आणि पोरींना धावायले शिकवू लागली. बाजारात भेटली की वाकून पाया पडायची. भाजीची पिशवी हातात घेऊन मी रस्ता बदलायची ती त्या नमस्काराले भिऊन.

मग जमाना बदलला. आधी डिजिटल घड्याळं आली, सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारी. बोट तेच होतं, पण आता चूक दोन आकड्यांपर्यंत बरोबर मोजता येऊ लागली. मग आला कॅमेरा. हा फक्त रेषा पाहतो, दुसरं काहीच नाही, पण एका सेकंदात हजार वेळा पाहतो. बंदुकीले वायर जोडलेली असते. बंदूक वाजली की मशीनचं घड्याळ आपोआप चालू, कोणाले बोट लावायचं काम नाही. फोटोत पोरी अशा दिसतात, की धुतलेले कपडे पिळून वाळत घातले आहेत. त्यावर एक उभी रेघ सरकवत छातीवर आणायची, की टाइम समोर.

आणि एक नियम आला, तो मले फार लागला. हातानं घेतलेला टाइम मशीनच्या हिशेबात न्यायचा तर त्यात चोवीस शतांश मिळवायचे. म्हणजे माणूस आहे, पाव सेकंद खोटं बोलणारच, हे कायद्यानंच धरून टाकलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग बडे सर आठवले आणि पाव सेकंद स्वस्त वाटला.

मशीन खोटं बोलत नाही, पण माणूस तिच्याकडून बोलवून घेतो. नवा रायपुरात मोठी दौड होती, रुंद रस्ते, हजार लोक. छातीवर लावायच्या नंबराच्या कागदात चिप. चिप रेषेवरून गेली की टाइम आपोआप लागतो. मी तक्रारींच्या टेबलावर बसली होती. निकाल पाहते तर शंकर नगरचे चार व्यापारी शंभराव्या भागापर्यंत एकाच टाइमात पोहोचलेले! त्यातल्या तिघांना तर मी दौड चालू असताना पोह्याच्या ठेल्यावर पाहिलं होतं. चौथ्याच्या पिशवीत चौघांचे नंबर निघाले.

मी म्हटलं, "भैया, ये क्या है?"

"दीदी, नंबर तो चारों का दौड़ा ना?" तो म्हणाला. "हम चारों दौड़े, ऐसा हमने कब बोला?"

 चौघांचा एकच टाइम पाहून मले आमची शिडी आठवली. तिथे निदान ज्याचा टाइम लागायचा ते पोरगं धावत तरी होतं.

आता मागच्या हिवाळ्याचं. राज्याच्या स्पर्धेत माझा सत्कार होता. शाल, नारळ आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ. घड्याळात सेल नव्हता, काटे दुकानातल्यासारखे दहा वाजून दहावर. मी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसली. माझं जुनं घड्याळ पर्समध्ये होतं. ते असतेच, चष्मा असतो तसं.

फुलेश्वरी मैदानावर होती. तिची पोरगी चांदनी फायनलमध्ये होती. पोरगी म्हणजे शिष्या, पोटची नाही. राइस मिलच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहते. बारा पॉइंट पन्नासच्या आत आली तर राष्ट्रीय स्पर्धा आणि खेळाच्या हॉस्टेलमध्ये जागा, खाणंपिणं, शाळा सगळं. नाही आली तर मिलमध्ये आईसोबत पोती शिवणं आहेच.

शर्यतीच्या तोंडावर प्रमुख पाहुण्यांना बंदूक वाजवायची इच्छा झाली. स्टार्टर हात जोडून म्हणाला, "सर, मशीन की तार इसी बंदूक में लगी है."

"तो लगी रहने दीजिए," पाहुण्यांचा माणूस म्हणाला, "साहब के लिए अलग लाए हैं." आणि त्यानं मखमलीच्या डब्यातून चांदीच्या मुठीची बंदूक काढली. ती वाजली. पोरी सुटल्या. चांदनी सगळ्यांच्या पुढे, दोन हात पुढे. आणि मशीन शांत बसून राहिलं. सुरुवात कधी झाली हे त्याले कोणी सांगितलंच नव्हतं. कॅमेऱ्यात फोटो आला, अगदी स्वच्छ, चांदनीची छाती रेषेवर. कोण जिंकलं ते मशीनले माहीत होतं, किती सेकंदांत ते माहीत नव्हतं.

नियमानं मशीनच्या सोबत हाताचे टाइमकीपर ठेवायलेच लागतात. होते ना दोन. एक मास्तर मोबाइलवर पाहुण्यांचा व्हिडिओ घेऊन राहिले होते. दुसरे म्हणाले, "मैंने सोचा, मशीन तो है ही."

आयोजकांचे सचिव घामाघूम होऊन इकडून तिकडे पळत होते. त्यांची नजर माझ्या मांडीवर पडली. नारळाच्या बाजूले माझं घड्याळ होतं, थांबलेलं. बोटानं आपलं काम केलं होतं, मले न विचारता.

"दीदी! आपने लिया? कितना?"

"बारा पॉइंट तीन."

त्यांनी बोटांवर चोवीस शतांश मिळवले. बारा पॉइंट चौपन्न. चेहरा पडला. मग ते वाकून माझ्या कानाशी आले. "दीदी, बारह-दो होगा. ठीक से देखिए. साहब के हाथ की बंदूक है, लड़की का भी भला हो जाएगा. कौन पूछने वाला है?"

कोणी विचारणार नव्हतं. घड्याळ एक, बोट एक, आणि मी इतकी म्हातारी की माझ्यावर शंकाही कोणी घेतली नसती. बारा-दोन लिहिलं की चांदनी हॉस्टेलमध्ये. बडे सरांनी आणि मी मिळून एकीचे तीन दशांश खाल्ले होते, त्यातला एक परत करायचा होता फक्त. पेन हातात घेतलं आणि समोर पाहिलं. फुलेश्वरी येऊन उभी होती.

मी म्हटलं, "फुलेश्वरी, काय लिहू?"

ती म्हणाली, "दीदी, उस दिन आपने घड़ी देखी थी. फिर ठोंबरे सर को देखा. फिर ऊपर बड़े सर को देखा, तब बोला था. मैं नीचे खड़ी सब देख रही थी."

इतकी वर्षं! इतकी वर्षं ती सगळं माहीत असून माझ्या पाया पडत होती.

"आज ऊपर मत देखना," ती म्हणाली. "जो है वो लिखो."

मी बारा पॉइंट तीन लिहिलं. चांदनी मैदानावर बसून ढसाढसा रडली. सचिवांनी कपाळावर हात मारला. फुलेश्वरी मात्र रडत बसली नाही. तिनं माझंच पेन घेतलं आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला: मशीन चालू झालं नाही ही आयोजकांची चूक, पोरींची नाही, शर्यत पुन्हा घ्या. पंच म्हणाले, नियमानं बरोबर आहे. सचिव म्हणाले, साहेब बसले आहेत तोपर्यंत पुन्हा कशी घेणार, त्यांची बंदूक वाया गेली असं दिसेल. सुदैवानं साहेबांना दुसरीकडे एक फीत कापायची होती. ते गेले आणि उन्हं कलताना शर्यत पुन्हा लागली, वायरच्या बंदुकीनं. दोन टाइमकीपर आता मोबाइल खिशात टाकून बसले, आणि तिसरी मी. शाल काढून ठेवली होती.

सकाळची हीट धरून चांदनी त्या दिवशी तिसऱ्यांदा धावत होती. धूर निघाला. मी तिची छाती पाहिली नाही हो, मी तिचे ओठ पाहिले, फुलेश्वरीसारखे दात दिसतात का म्हणून. बोट पडलं.

मशीननं सांगितलं: बारा पॉइंट एक्कावन्न.

 एक शतांश. डोळ्याची पापणी मिटायले याहून जास्त लागते.

सचिव कागद घेऊन आमच्याकडे आले. दोघा मास्तरांना म्हणाले, "मशीन का बारह-इक्यावन है. हाथ का बारह-तीन बैठता है. मिला लो, भाई." दोघांनी आपल्या घड्याळाकडे न पाहता बारा-तीन लिहिलं. शिडी गेली, बडे सर गेले, वरच्या पायरीवर आता मशीन बसलं होतं.

"दीदी, आप भी बारह-तीन," सचिव म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. बारा पॉइंट एक. माझं बोट दोन दशांश आधी पडलं होतं. पोरगी पोहोचायच्या आधीच मी तिले पोहोचवून टाकलं होतं. तीस वर्षांची अचूक टाइमकीपर! मशीनच्या बाजूले लिहिलं तर सगळं मैदान हसेल.

मी लिहिलं: बारा पॉइंट एक. खाली सही केली.

फुलेश्वरीनं वाकून वाचलं, आणि त्या अवस्थेतही तिले हसू आलं. तेच दात. "दीदी, आपकी उंगली तो चांदनी से भी तेज भागी!"

तिकडे चांदनी मशीनच्या पडद्यासमोर उभी होती. मशीन चालवणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी तिच्यासाठी ती उभी रेघ सरकवून बारा-पन्नासवर आणली. तिच्या पिळलेल्या फोटोत छाती आणि रेघ यांच्या मधात नखाएवढी जागा होती. तिनं तिथे बोट ठेवलं.

"मैडम, बस इत्ता कम है?"

"हव," फुलेश्वरी म्हणाली. "इत्ता ही."

"और आपका कितना कम था?"

फुलेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बेटा, उसका कम नहीं था."

हॉस्टेलची जागा त्या वर्षी गेली. चांदनी सकाळी मैदानावर असते आणि दुपारी मिलमध्ये पोती शिवते. पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. मी जाणार आहे, घड्याळ घरी ठेवून.

माझा तो कागद फाइलीत लागला. बाहेरून आलेल्या निरीक्षकांनी त्यावर लाल शाईनं शेरा मारला: 'हाताने घेतलेली वेळ अविश्वसनीय.' मी सचिवांना तीनदा म्हटलं, तो कागद मले द्या, मले फ्रेम करायचा आहे. ते देऊन नाही राहिले.